आपली चूक आपणच शोधायची : तपासलेल्या पेपरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तपासलेला पेपर हातात पडला की मूल आधी वरच्या कोपऱ्यातला आकडा बघतं, मग शेजारच्याचा आकडा बघतं, आणि पेपर दप्तरात जातो. बाहेर येतो तो चुरगळून, पालकांच्या सहीपुरता. मी गणित आणि विज्ञान शिकवते. तोच पेपर पुन्हा उघडायला लावून मुलांच्या चुका त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायची सवय मला आता बरीच वर्षं आहे. त्याबद्दल सहकारी शिक्षक, पालक आणि कधीकधी मुलंही जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

दुरुस्ती तर आम्हीही लिहायचो. यात नवीन काय?

आपण जी लिहायचो ती बहुतेकदा नक्कल होती. बाई फळ्यावर बरोबर उत्तर लिहायच्या, आपण वहीत उतरवायचो, खाली लाल रेघ. मीही सुरुवातीला तेच करून घ्यायची. एकदा घाईत फळ्यावर ६५ ऐवजी ५६ लिहून बसले. वह्या तपासायला घेतल्या तर जवळजवळ सगळ्यांनी ५६ उतरवलेलं. ज्यांच्या मूळ पेपरात ६५ असं बरोबर उत्तर होतं, त्यांतल्याही काहींनी ते खोडून ५६ केलं होतं! त्या दिवशी मला कळलं की माझ्या वर्गात दुरुस्तीच्या तासाला विचार कुणीच करत नाही, मीसुद्धा.

आता मी तीन गोष्टी मागते. आपली वाट पहिल्यांदा कुठल्या ओळीवर चुकली ते शोधायचं. ती ओळ लिहिताना ती बरोबर का वाटली होती ते एका वाक्यात लिहायचं. मग जुनं झाकून उदाहरण पुन्हा सोडवायचं, आणि त्याच जातीचं एक नवं उदाहरणही.

दुसरी गोष्ट सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाची. एक नमुना देते. उदाहरण होतं : ७ − २(क्ष − ३) = ५. मुलाची पुढची ओळ : ७ − २क्ष − ६ = ५. तिथून पुढे सगळं व्यवस्थित, उत्तर क्ष = −२. पहिल्या दुरुस्तीत त्यानं लिहिलं, ‘चिन्ह चुकलं.’ हे खरं आहे, पण यातून काही हाती लागत नाही. मी विचारलं, ‘उणे सहा कुठून आलं?’ तो म्हणाला, ‘दोन त्रिक सहा, आणि कंसात उणे होतं म्हणून उणे सहा.’ म्हणजे दोनाच्या मागचं उणे त्यानं सातापासून तोडायला वापरलं आणि तिथेच सोडून दिलं. कंसात तो नुसता दोन घेऊन शिरला. मग त्यानं स्वतःच लिहिलं, ‘मी २ ने गुणलं, −२ ने गुणायला हवं होतं.’ या वाक्यानं पुढची दहा उदाहरणं वाचतात. ‘चिन्ह चुकलं’नं एकही वाचत नाही.

बरोबर उत्तर आधी दाखवायचं की नंतर?

नंतर. उत्तर समोर दिसलं की मूल उलटं चालायला लागतं. आकडा जुळेपर्यंत ओळी फिरवतं. आधी त्याला नुसतं एवढंच कळू दे की या उत्तरात काहीतरी बिघडलंय. मी उत्तराशेजारी समासात एक टिंब देते, फुली मारत नाही. वर्ग तयारीचा असेल तर टिंबही नाही. ‘या पानावरच्या आठांपैकी तीन चुकली आहेत, कुठली ते सांग’ एवढंच. हा खेळ मुलांना आवडतो, कारण त्यात बरोबर उत्तरंही पुन्हा तपासावी लागतात.

वरच्या उदाहरणात उत्तराची पडताळणी मुलाला स्वतः करता येते. क्ष च्या जागी −२ घातलं तर डावी बाजू १७ येते, ५ नाही. क्ष = ४ घातलं तर ७ − २ × १ = ५, जमलं. ही पडताळणीची सवय लागली की बरोबर उत्तरासाठी शिक्षकाच्या तोंडाकडे बघायची गरज उरत नाही.

मात्र हा हट्ट ताणू नये. मुलाला विषयच कळला नसेल तर पंधरा मिनिटं पेपराकडे बघत बसून काही उगवणार नाही. दोन प्रामाणिक प्रयत्न झाले, जमलं नाही, की समजावून सांगा.

मूल म्हणतं, ‘सिली मिस्टेक होती, येतं मला.’ खरं मानायचं का?

एकदा मानावं. माझ्या वर्गात हा शब्द आता वापरायचा नाही असं ठरलं आहे, कारण त्याच्याआड फार काही लपतं.

वजाबाकीचंच बघा. ६२ − ३८ चं उत्तर एका मुलीनं ३६ लिहिलं. ४३१ − १७५ चं ३४४. ५०३ − २७८ चं ३७५. वरवर बघितलं तर धांदरटपणा. पण ८५ − ३२ तिनं बरोबर ५३ काढलं होतं. चारही उत्तरं शेजारी मांडा : ही मुलगी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, वरचा कुठला आणि खालचा कुठला हे न बघता. जिथे हातचा घ्यावा लागत नाही तिथे हा नियम योगायोगानं बरोबर उत्तर देतो. म्हणजे ती धांदरट अजिबात नाही. ती एक चुकीचा नियम अत्यंत काटेकोरपणे पाळते आहे. तिला ‘नीट लक्ष दे’ म्हटलं तर ती तोच नियम आणखी नीट पाळेल.

जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ साली यावरच काम प्रसिद्ध केलं. मुलांच्या वजाबाकीतल्या चुका वाटतात तशा मोकाट नसतात, त्यांतल्या बऱ्याचशा ठरावीक ‘बिघाडां’तून येतात असं मानून त्यांनी ‘बग्गी’ नावाचा संगणक-प्रोग्राम बनवला होता. प्रोग्राम एखाद्या बिघडलेल्या मुलासारखी उत्तरं देई, आणि होतकरू शिक्षकानं बिघाड कुठला ते ओळखायचं. शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला असला खेळ एकदा तरी खेळायला द्यावा असं मला फार वाटतं.

तेव्हा कसोटी सोपी : एकच ‘सिली’ चूक तीन पेपरांत तीनदा दिसली तर ती सिली नाही. त्यासाठीच जुने पेपर टाकून देऊ नयेत. एका पेपरात चूक दिसते, तीन पेपर शेजारी ठेवले की सवय दिसते.

चुकांचे प्रकार पाडायचे का? किती?

पाडावेत, पण तक्ता मोठा झाला की मुलं रकाने भरण्यातच रमतात. मला ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांची १९७७ सालची मांडणी सोयीची वाटते. शाब्दिक उदाहरण सोडवताना मूल पाच पायऱ्या चढतं असं त्यांनी धरलं : प्रश्न वाचणं, तो समजणं, त्याचं गणितात रूपांतर करणं, आकडेमोड करणं आणि उत्तर योग्य रूपात लिहिणं. चुकलेल्या मुलाला समोर बसवून क्रमानं विचारायचं. प्रश्न मोठ्यानं वाच. काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग. कुठली रीत वापरशील? करून दाखव. आता उत्तर लिही. ज्या पायरीवर मूल पहिल्यांदा अडखळतं ती त्याची चूक. पुढची पडझड तिचीच पिल्लं.

हे करून बघाल तेव्हा एक धक्का बसेल. ‘गणित कच्चं’ म्हणून शिकवणी लावलेल्या मुलांतली काही दुसऱ्याच पायरीवर अडकलेली असतात. ‘राजूकडे मीनापेक्षा ५ गोट्या कमी आहेत’ या वाक्यात कमी कुणाकडे, हेच त्यांना लागत नाही. त्यांना आणखी शंभर बेरजा-वजाबाक्या देऊन काय होणार?

दुरुस्ती केली तर गुण परत द्यावेत का?

यावर शिक्षकांत कायम दोन तट असतात. माझं मत : थोडे द्यावेत, सगळे कधीच देऊ नयेत. सगळे दिले तर मूळ परीक्षेचा अभ्यास कशाला करायचा? काहीच दिले नाहीत तर दुरुस्ती म्हणजे शिक्षा वाटते.

याला आधार आहे. बेंजामिन ब्राऊन, अँड्र्यू मेसन आणि चंद्रलेखा सिंग यांनी पुंजभौतिकी (क्वांटम मेकॅनिक्स) शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला मधल्या परीक्षांतल्या चुका स्वतः दुरुस्त केल्या तर गेलेल्या गुणांपैकी निम्म्यापर्यंत परत मिळत. दुसऱ्या गटाला असं काही नव्हतं. त्यांना नेहमीप्रमाणे उत्तरं मिळाली. अंतिम परीक्षेत तेच प्रश्न पुन्हा विचारले तेव्हा दुरुस्ती करणारा गट पुढे होता. हे विद्यार्थी काही शाळकरी पोरं नव्हती. तरीही तयार उत्तरं हातात देऊन भागलं नाही, ती आपली आपण मिळवावी लागली.

मी गुण देते ते ‘का चुकलं’ या वाक्याला. नुसतं बरोबर उत्तर लिहिलं तर शून्य. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, मग शहाणी होतात.

पेपर परत देताना गुण लिहावेत की शेरा?

दोन्ही एकदम नको. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. काही मुलांना कामावर नुसता शेरा दिला, काहींना नुसते गुण, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तो फायदा झाला नाही. आकडा दिसला की शेरा कोण वाचतं?

संस्थेला गुण हवेत, पालकांना हवेत, ते टाळता येत नाहीत. मी एवढंच करते : पेपर वाटते त्यावर टिंबं आणि प्रश्न असतात, गुण माझ्या वहीत. दुरुस्ती जमा केली की गुण सांगते. दोन दिवस वर्गात हलकल्लोळ असतो, पण त्या दोन दिवसांत पेपर वाचला जातो.

शेरा कसला, हेही महत्त्वाचं. क्लूगर आणि डनिसी या संशोधकांनी १९९६ साली कामावर प्रतिसाद देण्याबद्दलच्या अनेक अभ्यासांची मोजदाद केली, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा प्रतिसाद दिल्यानं कामगिरी उलट खाली गेलेली आढळली. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की नुकसान होतं. ‘हुशार आहेस, पण आळशीपणा करतोस’ हा शेरा त्यातलाच. ‘तिसरी ओळ दुसरीतून कशी आली?’ हा कामाबद्दलचा.

स्वतःचीच चूक पुन्हा पुन्हा बघून ती डोक्यात पक्की बसणार नाही का?

ही भीती जुनी आहे आणि पूर्ण खोटी नाही. चूक नुसती बघितली आणि तिथेच सोडली तर बसूही शकते. पण चुकीचं उत्तर का चुकीचं आणि बरोबर उत्तर का बरोबर, हे दोन्ही सांगायला लावलं तर उलट होतं. रॉबर्ट सीग्लर यांनी मुलांना ३ + ४ + ५ = ☐ + ५ अशा जातीची उदाहरणं दिली होती. कितीतरी मुलं चौकटीत १२ लिहितात, कारण ‘बरोबर’चं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी त्यांची समजूत असते. काही जण दिसतील ते सगळे आकडे मिळवून १७ लिहितात. बरोबर उत्तर ७. नुसतं बरोबर उत्तराचं कारण सांगणाऱ्या मुलांपेक्षा दोन्हींची कारणं सांगणारी मुलं पुढे गेली. मला हे पटतं. १२ का नाही याचं उत्तर दिल्याशिवाय १२ हटत नाही. ते ७ च्या शेजारी मुकाट्यानं बसून राहतं.

आणखी एक गंमत. २००१ साली बटरफिल्ड आणि मेटकाफ यांना असं दिसलं की जी चूक माणसानं पूर्ण खात्रीनं केलेली असते, ती दुरुस्त करून दिल्यावर जास्त चांगली दुरुस्त होते. अंदाजपंचे दिलेलं उत्तर चुकलं तर आपण खांदे उडवतो. छातीठोकपणे सांगितलेलं चुकलं की कान टवकारतात. पण २०११ साली बटलर, फाझिओ आणि मार्श या तिघांनी दाखवलं की आठवड्यानंतर बरोबर उत्तर विसरलं गेलं, तर ती खात्रीची जुनी चूक परत उगवते. (हे बटलर वेगळे, अँड्र्यू, वरच्या रूथ बटलर नव्हेत.) म्हणून पुन्हा विचारायचं. एका दुरुस्तीवर फाइल बंद करायची नाही.

मग पुन्हा कधी विचारायचं?

चार-पाच दिवसांनी एकदा, आणि महिन्याभरानं एकदा. पाच मिनिटं पुरतात. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवलेलं इथे लागू पडतं : उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवत होतं, पण दोन दिवसांनी आणि आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. दुरुस्तीच्या दिवशी ‘समजलं’ म्हणणाऱ्या मुलावर म्हणूनच मी फारसा विश्वास ठेवत नाही. खोटं बोलतं असं नाही. त्या दिवशी त्याला खरंच समजलेलं असतं.

नव्या उदाहरणाचे कपडे थोडे बदलायचे. वरच्या मुलाला मी आधी ९ − ४(क्ष − १) = १ दिलं, त्यानं क्ष = ३ काढलं. आठवड्यानं १२ − (क्ष − ५) = ८ दिलं. इथे कंसाबाहेर आकडाच नाही, नुसतं उणे. तो थांबला, पेन टेकवलं, उचललं, आणि उणेच्या पुढे बारीकसा १ लिहिला. मग क्ष = ९.

पेपर देऊन झाल्यावर किती दिवसांत दुरुस्ती करावी?

मुलाला आपण काय विचार केला होता ते आठवतंय तोवर. आठवड्याच्या आत उत्तम. महिन्यापूर्वीच्या पेपरात ‘तुला असं का वाटलं?’ विचारलं की मूल गोष्ट रचून सांगतं. जुने पेपर दुसऱ्या कामाचे : सवयी शोधण्याच्या.

तीसपैकी पंचवीस चुकलेल्या मुलाचं काय?

त्याला पंचवीस दुरुस्त्या लावू नका. ती शिक्षाच होते, आणि तिसऱ्या उदाहरणापासून तो शेजाऱ्याची वही मागतो. त्याच्या पेपरावर मी आधी स्वतः बसते. पंचवीस चुकांच्या मागे बहुतेकदा तीन-चारच कारणं असतात. त्यातलं सगळ्यात खालचं, ज्यावर बाकीची उभी आहेत, ते निवडते आणि त्यातली दोन उदाहरणं देते. अपूर्णांकांचा पेपर असेल आणि दशांशात ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठं वाटत असेल (‘पस्तीस मोठे ना आठपेक्षा?’), तर बाकी सगळं बाजूला. आधी ०.८ म्हणजे ०.८० हे त्याच्या गळी उतरू दे.

आणि काही वेळा दुरुस्ती हा उपायच नसतो. जे शिकलंच गेलं नाही ते दुरुस्त काय करणार? तिथे पुन्हा शिकवावं लागतं.

आणि ज्याला पैकीच्या पैकी मिळालेत?

त्याला दुसऱ्याची (नाव झाकलेली) चूक द्या आणि विचारा, ‘याच्या डोक्यात काय चाललं होतं?’ बरोबर सोडवण्यापेक्षा हे कठीण असतं. पहिल्या नंबरची मुलं इथे बरेचदा गडबडतात.

वर्ग मोठा आहे. एवढं सगळं तपासायला वेळ कुठून आणायचा?

सगळं तपासू नका. मी एका पेपरामागे प्रत्येकाकडून तीनच दुरुस्त्या घेते, त्यातल्या दोन मूल निवडतं, एक मी. वाचते फक्त ‘का चुकलं’चं वाक्य. फुल्या मारत, बेरीज करत पेपर तपासण्याला जो वेळ लागतो, त्यातलाच थोडा इकडे वळवला तर नवीन वेळ फारसा लागत नाही. एका तासाचा धडा मागे पडतो, हे कबूल. तो धडा त्याच चुकांवर चालून पुढे गेला असता तर कुठे पोचला असता, हाही हिशेब करावा.

जोड्या लावल्या तर काम हलकं होतं. फक्त एकाच प्रकारची चूक केलेल्या दोघांना एकत्र बसवू नका. दोघंही एकमेकांना पटवतात आणि चूक एकमतानं मंजूर होते.

मुलं दुरुस्ती एकमेकांची उतरवतात. कसं ओळखायचं?

‘मी उणे विसरलो’ हे वाक्य सात वह्यांत आलं की कळतं. उपाय म्हणजे नवं उदाहरण, ते वर्गात, समोर. ज्यानं उतरवलंय त्याचं तिथे उघडं पडतं. ओरडायची गरज पडत नाही.

पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत तर पायऱ्याच नसतात. तिथे काय दुरुस्त करणार?

तिथे चुकीचा पर्यायच पुरावा असतो. चांगल्या प्रश्नपत्रिकेतले चुकीचे पर्याय सहज म्हणून लिहिलेले नसतात. एकेक पर्याय एकेका चुकीसाठी लावलेला सापळा असतो. ताशी ७२ किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात किती मीटर जाते? पर्यायांत २० असेल, ७२ असेल आणि २५९.२ सुद्धा असेल. २५९.२ निवडणाऱ्यानं ५/१८ ऐवजी १८/५ नं गुणलं. ७२ निवडणाऱ्यानं एकक वाचलंच नाही. दोघांचाही एकच गुण गेला, पण दोघांचं दुखणं वेगळं. मुलाला चारही पर्यायांपुढे एकेक ओळ लिहायला लावा : ‘हे उत्तर कुणाला आलं असतं?’ एका प्रश्नातून चार प्रश्नांचा अभ्यास होतो.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना एक सुचवते. पेपर सोडवतानाच प्रत्येक उत्तराशेजारी खात्रीची खूण करा : पक्कं, बहुतेक, अंदाज. तपासल्यावर ‘पक्कं’ आणि चूक हा गठ्ठा आधी उचला. ‘अंदाज’ आणि बरोबर हाही गठ्ठा उचला. ते गुण तुमचे नाहीत, नशिबाचे आहेत. लोक सराव-पेपरांवर सराव-पेपर सोडवत जातात आणि दर वेळी गुण त्याच आकड्याभोवती घुटमळतात. एक पेपर सोडवायला तीन तास लागले तर त्याच्या चुकांना निदान तेवढेच द्या. आठवड्याला पेपर कमी झाला तरी चालेल.

भाषा आणि निबंधाला हे लागू होतं का?

शुद्धलेखनाला लगेच. ‘आणी’, ‘पाणि’, ‘कवि’ असं लिहिणाऱ्या मुलाला तीन शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावण्यापेक्षा त्यानं आपल्या पेपरातले असे सगळे शब्द स्वतः गोळा करावेत. मराठी शब्दांतला शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो, आणि ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद आहेत, हे त्याला त्या यादीतूनच सुचायला लागतं.

निबंधाचं वेगळं आहे. तिथे चूक-बरोबर असा सरळ निवाडा नसतो. एक परिच्छेद निवडून तोच पुन्हा लिहायला सांगावा आणि काय बदललं, कशासाठी, हे समासात लिहून घ्यावं. याहून जास्त मला यातलं कळत नाही. भाषेच्या शिक्षकांना विचारा.

आम्ही पालक. घरी काय करावं?

पहिला प्रश्न ‘किती मिळाले?’ हा नको. दुसरा ‘सगळ्यात जास्त किती?’ हाही नको. पेपर टेबलावर ठेवून म्हणा, ‘यातली कुठली चूक तुला सगळ्यात मजेशीर वाटली, ती मला समजावून सांग.’ आणि मग गप्प बसा. गप्प बसणं फार अवघड जातं, मी आई म्हणून हे सांगते. मूल तिसऱ्या ओळीवर पोचतं न पोचतं तोच आपण ‘अरे, इथे उणे आहे ना!’ म्हणून मोकळे होतो. झालं, ती चूक आता आपण शोधली, त्यानं नाही.

आणि सही करताना भांडायचं नाही. पेपर लपवायची सवय तिथेच लागते.

चूक दाखवली की मूल रडतं, वही फाडतं.

मग आधी स्वतःची चूक दाखवा. ५६ ची गोष्ट मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगते, मुलं खूश होतात. वर्गात चूक फळ्यावर घ्यायची असेल तर नाव कधीच नाही, आणि शक्यतो मागच्या वर्षीच्या मुलांची घ्या. स्वतःची चूक दुसऱ्याच्या अक्षरात दिसली की तिच्याकडे शांतपणे बघता येतं. तरीही मूल बिथरत असेल तर काही आठवडे दुरुस्ती बाजूला ठेवा. त्याचा प्रश्न गणिताचा नसण्याची शक्यता जास्त.

एकच प्रश्न अर्ध्या वर्गाचा चुकला तर?

तर दुरुस्ती शिक्षकानं करायची. एकतर प्रश्न वाईट होता किंवा शिकवलं वाईट होतं.

चुकांची वेगळी वही ठेवावी का? कशी?

ठेवावी, पातळ. डाव्या पानावर चुकलेली ओळ जशीच्या तशी आणि तारीख, त्याखाली ‘मला वाटलं होतं की…’ हे वाक्य. उजवं पान त्या दिवशी कोरं सोडायचं. चार-पाच दिवसांनी डावं पान झाकून उजव्यावर उदाहरण पुन्हा सोडवायचं. जमलं तर कोपऱ्यात खूण, नाही तर पुन्हा तारीख. रंगीत पेनं, चौकटी, सजावट यांत वेळ घालवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची वही सुंदर होते आणि उजवी पानं कोरी राहतात.

पेननं लिहायचं की पेन्सिलनं? खोडायचं का?

खोडरबर या तासाला माझ्या टेबलावर जमा. चुकीच्या ओळीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. पेन कुठल्या रंगाचं, यानं काही फरक पडत नाही. लाल तेवढं नको, ते माझ्याकडेच असतं आणि बहुतेक वेळा त्याची शाई संपलेली असते.